कापसाच्या पोटातले दोन जनुकसंच: जोनाथन वेंडेल यांच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोनाथन वेंडेल कोण, आणि ते नेमके शोधतात काय?

वेंडेल हे अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ. विद्यापीठ एम्स या गावी, म्हणजे भर मका-सोयाबीनच्या मुलखात. तिथल्या थंडीत कापूस शेतात टिकत नाही, त्यामुळे आफ्रिका, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया आणि हवाईच्या जंगली पऱ्हाट्या तिथे काचगृहात वाढतात.

त्यांचा मूळ प्रश्न कापसापुरता नाही. दोन वेगळ्या प्रजातींचे अख्खेच्या अख्खे जनुकसंच एका पेशीत येऊन पडले, तर पुढच्या लाखो वर्षांत त्यांचे काय होते? कोणाचे चालते, कोण गप्प बसते, कोण कोणाच्या वळणावर जाते? गहू, भुईमूग, मोहरी, तंबाखू, अरेबिका कॉफी ही सगळी पिके असेच दोन किंवा अधिक जनुकसंच एकत्र येऊन झालेली आहेत. सपुष्प वनस्पतींच्या वंशावळीत मागे गेलात तर कुठे ना कुठे जनुकसंच दुप्पट झालेला सापडतोच. म्हणजे अपवादाचा अभ्यास चालला आहे असे समजू नका. वनस्पतींची ही नेहमीची रीत आहे.

मग अभ्यासासाठी कापूसच का?

कारण या कहाणीतली बहुतेक पात्रे आजही जिवंत आहेत. ज्या दोन घराण्यांच्या संकरातून अमेरिकन कापूस झाला, त्या दोन्हींचे जवळचे नातेवाईक जंगलात किंवा शेतात सापडतात, आणि संकरातून झालेल्या प्रजातीही हाताशी आहेत. तिघांचा डीएनए शेजारी ठेवून ताडून पाहता येतो. त्यात माणसाने कापूस एकदा नव्हे, चार वेळा, चार वेगळ्या प्रजातींपासून स्वतंत्रपणे माणसाळवला. उत्क्रांतीच्या अभ्यासकाला तोच प्रयोग चार वेळा करून मिळणे दुर्मिळच.

या चार प्रजाती कोणत्या? आपल्याकडे कोणता कापूस?

कापसाच्या साऱ्या घराण्याला शास्त्रात गॉसिपियम म्हणतात आणि त्यात पन्नासच्या आसपास प्रजाती, म्हणजे जाती, आहेत. लागवडीखाली फक्त चार. गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेशियम हे जुन्या जगातले, म्हणजे आपण ज्याला देशी कापूस म्हणतो ते. गॉसिपियम हिर्सुटम हा अमेरिकन कापूस. आज जगातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस याचाच, आणि विदर्भ-मराठवाडा-खानदेशात दिसणारी जवळपास सगळी पऱ्हाटीही हीच. चौथा गॉसिपियम बार्बाडेन्स, म्हणजे लांब धाग्याचा इजिप्शियन किंवा पिमा कापूस.

अकोला आणि परभणी इथल्या कृषी विद्यापीठांनी आर्बोरियमची सरळ वाणे काढली आहेत. शेजारीशेजारी लावली तर ओळखायला भिंग लागत नाही. देशीचे पान बोटांसारखे खोल चिरलेले, फूल बहुधा पिवळे आणि पाकळीच्या तळाशी गडद डाग. अमेरिकनचे पान रुंद, फूल सकाळी मलईसारखे पांढरे आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी.

अमेरिकन कापसात दोन जनुकसंच आहेत हे कळले कसे?

सूक्ष्मदर्शकातून. १९३४ साली स्कोव्हस्टेड या संशोधकाच्या लक्षात आले की अमेरिकन कापसाच्या गुणसूत्रांच्या २६ जोड्यांपैकी १३ मोठ्या आहेत आणि १३ लहान. आशिया-आफ्रिकेच्या कापसात १३ जोड्या असतात, त्या सगळ्या मोठ्या. अमेरिका खंडातल्या जंगली कापसातही १३ जोड्या, पण सगळ्या लहान. तेरा आणि तेरा सव्वीस, हिशोब सरळ होता.

मोठ्या गुणसूत्रांच्या गटाला ‘ए’ म्हणतात आणि लहानांच्या गटाला ‘डी’. म्हणून अमेरिकन कापूस ‘एडी’. नुसत्या हिशोबावर विज्ञान थांबत नाही, ते करून पाहावे लागते. १९४० साली बीझली यांनी आशियाई आर्बोरियम आणि अमेरिकेतला जंगली थर्बेरी यांचा संकर केला. असे संकरित झाड वांझ असते. कोल्चिसीन हे रसायन लावून त्याची गुणसूत्रे दुप्पट केली, तेव्हा तयार झालेल्या झाडाचा खऱ्या अमेरिकन कापसाशी संकर होऊ लागला. निसर्गात लाखो वर्षांपूर्वी जे घडले ते माणसाने कुंडीत घडवून दाखवले.

म्हणजे आपला देशी कापूस हा अमेरिकन कापसाचा बाप?

बाप तर नाहीच. १९८९ साली वेंडेल यांनी अमेरिकन कापसांच्या हरितलवकाचा डीएनए तपासला आणि तो जुन्या जगाच्या, म्हणजे ए गटाच्या, धाटणीचा निघाला. कापसात हरितलवक आईकडून येते. म्हणजे ए गटाची वनस्पती आई होती आणि परागकण डी गटाच्या झाडाचे.

पण ती आई म्हणजे आजचा देशी कापूस नव्हे. आर्बोरियम आणि हर्बेशियम यांचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहणारे काम २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार या दोघांचा एक समाईक पूर्वज होता, संकर त्या पूर्वजाच्या फांदीशी झाला आणि देशी कापसाच्या दोन वाटा नंतर फुटल्या. तेव्हा नाते मावशीचे म्हणायचे. बापाच्या बाजूला आज सर्वांत जवळचा सापडतो तो पेरू देशातला रायमोन्डी. तोही प्रत्यक्ष बाप नव्हे, भावकीतला.

आई आफ्रिका-आशियाकडची, बाप अमेरिकेतला. मधला महासागर कोणी ओलांडला?

जुन्या पिढीतल्या काही अभ्यासकांना वाटे की माणसानेच होड्यांतून सरकी नेली असावी. ही कल्पना डीएनएतल्या बदलांवरून काढलेल्या कालगणनेपुढे टिकली नाही. संकर दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्या वेळी पृथ्वीवर आधुनिक मानवच नव्हता, दर्यापार शेती तर दूरच.

राहता राहिली सरकी. एस. जी. स्टीफेन्स यांनी कापसाच्या बिया खाऱ्या पाण्यात ठेवून त्या किती तगतात याचे प्रयोग केले होते. जंगली जातींचे कवच इतके टणक की बी पाण्यात दीर्घकाळ राहूनही रुजते. नकाशा पाहिला तर हे पटते. एडी गटातल्या जंगली जाती कुठे आहेत बघा: टोमेंटोसम हवाई बेटांवर, डार्विनाय गालापागोसवर, मुस्टेलिनम ईशान्य ब्राझीलमध्ये, एक्मनियानम डोमिनिकन रिपब्लिकमध्ये. सातवी जात २०१७ साली नोंदली गेली ती प्रशांत महासागरातल्या वेक नावाच्या एकाकी प्रवाळबेटावरची. तिला नाव दिले स्टीफेन्साय, या खाऱ्या पाण्यातल्या प्रयोगवाल्याच्याच स्मरणार्थ. सातांतल्या बऱ्याच जाती समुद्रकाठच्या. एवढे दर्यावर्दी घराणे असताना एखादी बी एकदा अटलांटिक किंवा प्रशांत पार करून गेली, यात अविश्वसनीय काही नाही. कोणत्या वाटेने गेली यावर मात्र अजून मतभेद आहेत.

लाखो वर्षांचा आकडा काढतात कसा? हवेतला अंदाज तर नाही ना?

जनुकाच्या क्रमात अधूनमधून एखादे अक्षर, म्हणजे डीएनएचे एक एकक, बदलते. त्यातले काही बदल असे असतात की तयार होणारे प्रथिन तेच राहते. नैसर्गिक निवडीचा अशा बदलांशी फारसा संबंध येत नाही, म्हणून ते साधारण ठरावीक वेगाने साचत जातात. दोन जातींत असे किती बदल साचले हे मोजले की त्या कधी वेगळ्या झाल्या याचा अदमास येतो.

कापसात हे काम करताना एक जनुक धरून भागत नाही. वेंडेल यांच्या गटाने २००३ साली ४८ जनुके घेतली: प्रत्येक जनुक ए गटातून, डी गटातून, अमेरिकन कापसातल्या दोन्ही प्रतींतून आणि तुलनेसाठी गॉसिपियमबाहेरच्या एका वनस्पतीतून. जनुकाजनुकाचा वेग फार वेगळा निघाला. बदलांचे प्रमाण काहींत दुसऱ्यांच्या आठ-नऊ पट होते. एकच जनुक घेऊन वय काढणारा कसा फसेल हे यावरून कळते. सगळ्यांची सरासरी काढल्यावर उत्तर आले: ए आणि डी ही घराणी सुमारे ६७ लाख वर्षांपूर्वी विभक्त झाली आणि पुन्हा एकत्र आली सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी. आकड्यात थोडीफार मागेपुढे होण्याला जागा आहे, पण माणूस या गोष्टीत नव्हता एवढे सांगायला तो पुरेसा आहे.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती झाल्या. मग दुसरी प्रत करते काय?

वेंडेल यांच्या कामाचा गाभा हाच प्रश्न आहे.

दोन घरे एकत्र नांदायला लागली आणि चुली दोनच राहिल्या असे समजा. कुठल्या चुलीवर काय शिजणार हे लिहून कोणी ठेवत नाही, पण काही दिवसांत ते ठरून जाते. कापसात असेच काहीसे होते. २००३ सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासात जनुकांच्या चाळीस जोड्या तपासल्या, तर कित्येक जोड्यांत ए आणि डी प्रतींचे काम सारखे नव्हते. सर्वांत गाजला तो एका साध्या विकराच्या जनुकाचा दाखला. त्याची ए प्रत फुलाच्या एका भागात गप्प आणि डी प्रत बोलकी. दुसऱ्या भागात नेमके उलटे. दोघींनी अवयव वाटून घेतले होते. जनुक तेच, पेशी त्याच झाडाची, आणि तरी कुठे कोण बोलणार हे ठरलेले.

ही वाटणी संकराच्या पहिल्या पिढीतच होते की लाखो वर्षांत हळूहळू? दोन्ही. प्रयोगशाळेत नव्याने केलेल्या संकरातही काही जोड्यांचा तोल लगेच ढळलेला दिसतो, पण जुन्या नैसर्गिक कापसात ढळलेल्या जोड्यांची संख्या बरीच अधिक असते. पहिला धक्का आणि नंतरची संथ उत्क्रांती हे दोन वेगळे टप्पे आहेत असे २००८ च्या कामात मांडले गेले.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. जनुक ‘गप्प आहे’ म्हणजे ते मेले असे नाही. एका अवयवात, एका दिवशी त्याचा आवाज आला नाही, इतकाच त्याचा अर्थ. दुष्काळात, पाणी साचल्यावर किंवा कीड लागल्यावर तेच जनुक बोलू लागू शकते.

दोन जनुकसंच एकमेकांत मिसळून जात नाहीत का?

बहुतेक जनुके मिसळत नाहीत. अमेरिकन कापसातली ए प्रत ही त्याच पेशीतल्या डी प्रतीपेक्षा खानदेशातल्या देशी कापसाच्या प्रतीशी अधिक जुळते. पंधरा लाख वर्षे एका केंद्रकात राहूनही दोघी आपापल्या माहेरच्याच राहिल्या. १९९९ साली १६ ठिकाणचे क्रम तपासून हे दाखवले गेले.

पण अपवाद असा की वाचणाऱ्याने डोळे चोळावेत. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिने बनवणारा कारखाना; त्याच्या आरएनएची जनुके एकाच ठिकाणी शेकडो-हजारो प्रतींच्या रांगेत असतात. एडी कापसात अशा रांगा दोन्ही घराण्यांकडून आल्या. १९९५ साली वेंडेल, श्नाबेल आणि सीलानन यांनी पाहिले तर सगळ्या रांगा एकसारख्या झालेल्या! वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असूनही. एका घराण्याच्या क्रमाने दुसऱ्याचा क्रम पुसून टाकला होता. त्यावर कडी म्हणजे, तपासलेल्या पाच जातींपैकी चार जातींत डी जिंकला आणि ब्राझीलच्या मुस्टेलिनममध्ये ए. सुरुवात एकच, शेवट उलटा.

या निष्कर्षाचा फटका सगळ्या वनस्पतिवर्गीकरणाला बसला. वंशावळ काढण्यासाठी त्या काळी हाच रायबोसोमचा तुकडा सर्रास वापरत. संकरातून झालेल्या जातीत तो एकाच पालकाची साक्ष देतो आणि दुसऱ्याचा मागमूसही ठेवत नाही, हे कळल्यावर एकाच तुकड्यावर झाड रचणाऱ्यांना हात आखडावा लागला. माझ्या मते कापसाबाहेर सर्वांत दूरवर पोचलेले त्यांचे काम हेच.

डी गटाच्या कापसाला धागाच नसतो म्हणतात. मग त्याने दिले काय?

हा प्रश्न अनेक वर्षे अभ्यासकांना छळतो आहे, आणि छळावा असाच तो आहे.

आधी धागा म्हणजे काय ते पाहू. सरकीचा एक दाणा घ्या आणि त्यावरची रुई हलकेच विंचरा. त्यातला प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीची एकच पेशी आहे. फूल उमलते त्याच दिवशी बीजांडाच्या पृष्ठभागावरच्या काही पेशी फुगून वर येऊ लागतात. पुढचे सुमारे तीन आठवडे त्या फक्त लांब होतात, मग आतून सेल्युलोजचे थर चढतात, आणि बोंड फुटताना पेशी मरून, चपटी होऊन पिळली जाते. त्या पिळामुळेच सूत कातता येते. चांगल्या अमेरिकन कापसाचा तंतू २८ मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी. एका पेशीची लांबी जाडीच्या हजार पटींहून जास्त, अशी उदाहरणे वनस्पतींत विरळा.

आता डी गटाची जंगली सरकी पाहा: अंगाला चिकटलेली आखूड लव, कातण्याजोगे काही नाही. कातता येईल असा तंतू ए गटाच्या घराण्यातला. पेशीची वाढ लवकर न थांबता लांबत राहणे हा गुण ए गट आणि त्याचा आफ्रिकन नातेवाईक लॉन्जिकॅलिक्स यांच्या पूर्वजात आला असावा, असे २००१ च्या तुलनेतून दिसले. मग एडी कापसाचा धागा ए कापसापेक्षा आखूड किंवा फार तर तेवढाच हवा. प्रत्यक्षात तो लांबही आहे आणि बारीकही.

१९९८ साली पॅटरसन यांच्या गटाने हिर्सुटम आणि बार्बाडेन्स यांच्या संकरात धाग्याची प्रत ठरवणारे गुणसूत्रांचे प्रदेश शोधले. त्यातले बहुसंख्य निघाले डी च्या बाजूला! ज्याच्या घरात सूत नाही त्याच्याकडून सुताची प्रत. पुढच्या अभ्यासांत दोन्ही बाजूंवर असे प्रदेश सापडत गेले, त्यामुळे ‘सगळे डी चेच’ असे म्हणणे चूक ठरेल. पण डी ची भूमिका आहेच. एक पटण्याजोगा खुलासा असा: ए बाजूची धाग्याची जनुके आधीच निवडीतून तावून सुलाखून निघाली होती, त्यांत सुधारायला थोडेच उरले होते. डी प्रती मात्र कोऱ्या होत्या. संकरानंतर त्या ए च्या यंत्रणेत सामील झाल्या आणि तिथे नव्या बदलांना वाव मिळाला. दुसरे म्हणजे, डी च्या नियंत्रक जनुकांची आज्ञा ए च्या जनुकांवरही चालते. एका केंद्रकात सीमा नसते.

मला यातून शेतीसंशोधनाबद्दल एक गोष्ट ठाम म्हणावीशी वाटते. जंगली नातेवाईकाचे नुसते रूप पाहून तो निरुपयोगी ठरवू नये. रायमोन्डीच्या सरकीकडे पाहून कोणी सांगितले असते की याचा धाग्याशी संबंध आहे?

माणसाने कापूस माणसाळवल्यावर काय बदलले?

मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर आजही जंगली हिर्सुटम आहे. फाकलेले, अनेक वर्षे जगणारे झुडूप. बोंडे लहान, सरकी टणक, तंतू आखूड आणि तपकिरी. दिवस लहान झाल्याशिवाय ते फुलत नाही. शेतातली पऱ्हाटी वर्षायू, दिवसाच्या लांबीची पर्वा न करता फुलणारी. या दोन टोकांमध्ये धाग्याच्या पेशीतल्या हजारो जनुकांच्या कामाचे प्रमाण बदलले आहे.

२०११ च्या एका अभ्यासातली गोष्ट लक्षात राहणारी आहे. पेशीच्या आतल्या सांगाड्याशी संबंधित प्रोफिलिन नावाच्या प्रथिनाची जनुके हिर्सुटम, बार्बाडेन्स आणि हर्बेशियम या तिन्ही लागवडीच्या कापसांत वाढीव पातळीवर काम करतात. त्यांच्या जंगली भावंडांत तशी नाहीत. तीन वेगळे समाज, तीन वेगळे मुलूख, एकमेकांशी बोलणे नाही, आणि लांब धागा वेचता वेचता तिघांनी नकळत एकाच जनुककुटुंबाला हात घातला.

किती जुने हे? बलुचिस्तानातल्या मेहेरगढला तांब्याच्या मण्यात अडकलेला कापसाचा दोरा मिळाला, तो इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातला. पेरूमधल्या उवाका प्रिएता इथे निळीने रंगवलेले सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचे सुती कापड सापडले आहे.

ए चा जनुकसंच डी च्या दुप्पट आहे, मग त्यात जनुकेही दुप्पट का नाहीत?

डी गटात सुमारे ८८ कोटी अक्षरे, ए गटात सुमारे १७० कोटी. जनुके मात्र दोन्हीकडे चाळीस हजारांच्या आसपास. फरक आहे तो स्वतःच्या प्रती काढून जागोजागी घुसणाऱ्या डीएनए तुकड्यांचा. ए च्या वंशात ‘गॉर्ज-३’ या कुळातल्या तुकड्यांनी धुमाकूळ घातला. ऑस्ट्रेलियन कापसांत त्याहून जास्त. डी च्या वंशात असे तुकडे घुसत होतेच, पण तिथे ते काढून टाकण्याचा वेगही अधिक होता. संकरानंतर ए कडचे काही तुकडे डी च्या गुणसूत्रांवरही पसरले आहेत.

देशी आणि अमेरिकन कापूस शेजारी लावला तर संकर होऊन बियाणे बिघडते का?

व्यवहारात नाही. देशीच्या परागकणात १३ गुणसूत्रे, अमेरिकनच्या बीजांडात २६. बेरीज ३९. चुकून असे झाड उगवलेच तर गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि ते वांझ राहते. प्रयोगशाळेत कोल्चिसीनने ३९ चे ७८ करून ही अडचण ओलांडता येते आणि पैदासकार तसे करतातही. पण बांधावर ते होत नाही. देशी सरकी राखणाऱ्याला शेजारच्या बीटी प्लॉटच्या परागकणांपेक्षा जिनिंगमध्ये होणाऱ्या भेसळीची काळजी जास्त करावी लागेल.

देशी-देशी, म्हणजे आर्बोरियम आणि हर्बेशियम, यांचा संकर मात्र होऊ शकतो. तसाच हिर्सुटम आणि बार्बाडेन्सचाही. १९७२ चा वरलक्ष्मी हा गाजलेला संकर याच जोडीचा.

बीटी कापसाशी या संशोधनाचा काय संबंध?

थेट संबंध नाही. भारतात २००२ पासून आलेल्या बीटी वाणांत एका जिवाणूचे जनुक घातलेले आहे. त्याने जनुकसंचांची ही जुनी मांडणी बदलत नाही. बीटी, हायब्रीड आणि चतुर्गुणित (म्हणजे एडी कापसासारखा दुहेरी जनुकसंच असलेला) हे तीन शब्द चर्चेत एकमेकांच्या जागी वापरले जातात. हायब्रीड म्हणजे दोन वाणांच्या संकराचे पहिल्या पिढीचे बियाणे, ते पुढच्या वर्षी सारखे येत नाही. चतुर्गुणितपणा पंधरा लाख वर्षांचा आहे आणि तो बीटी नसलेल्या सरळ वाणातही असतो.

शेतकऱ्याला याचा काही उपयोग?

लगेच हातात पडणारा नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण पैदासकाराला कोणत्या जंगली जातीकडे कशासाठी जायचे हे या वंशावळीवरून कळते. काही गोष्टी आधीच घडल्या आहेत. पानावर मधुग्रंथी नसण्याचा गुण हवाईच्या टोमेंटोसममधून आला. आर्बोरियम, थर्बेरी आणि हिर्सुटम अशा तिहेरी संकरातून धाग्याची मजबुती मिळाली. उत्तर भारतात पाने गुंडाळणाऱ्या विषाणूने अमेरिकन कापूस बेजार होतो तेव्हा आर्बोरियमला काही होत नाही. लागवडीच्या अमेरिकन कापसातली विविधता फार अरुंद आहे, त्यामुळे अशा बाहेरच्या दारांची गरज वाढतच जाणार.

मी एम.एस्सी. करतो आहे. यात हात घालायचा तर सुरुवात कुठून करू?

रायमोन्डीचा जनुकसंच २०१२ साली, आर्बोरियमचा २०१४ साली आणि हिर्सुटमचा २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही क्रम ‘कॉटनजेन’ या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत. त्यासाठी काचगृह लागत नाही आणि अनुदानही नाही. एखादे साधे जनुक निवडा. आर्बोरियममधून एक, रायमोन्डीमधून एक आणि हिर्सुटममधून दोन असे चार क्रम उतरवून घ्या आणि एकाखाली एक जुळवा. हिर्सुटममधली कोणती प्रत कोणाकडची हे पहिल्या काही शे अक्षरांतच दिसू लागेल. न दिसल्यास त्या जनुकाची नोंद ठेवा. अशा बेशिस्त जनुकांवर पीएच.डी. होते. प्रत्यक्ष झाडे पाहायची असतील तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत जंगली कापसांचा संग्रह आहे. जाण्याआधी परवानगीचे पत्र मात्र विभागप्रमुखांकडून घेऊन ठेवा.